सतरावी पायरी

पानामागे वीस कोपेक.
चार कार्बन घातले तर पंचवीस.
त्या वर्षांत कुताइसीत ज्याला ज्याला डॉक्टर व्हायचं होतं
तो माझ्या स्वयंपाकघरातून गेला,
ओले बूट दाराशी काढून,
हस्तलिखित कोटाच्या आत, तान्ह्या बाळासारखं धरून.

मी वाचत नसे.
टंकलेखिका वाचायला लागली की पानं कमी होतात.
पण बोटं वाचतात.
बोटांना कळतं, हे वाक्य मागच्या हिवाळ्यात येऊन गेलंय,
दुसऱ्याच कुणाच्या बुटांबरोबर.

एकदा विचारलं मी, इथे अवतरणचिन्हं होती ना?
आमच्या लिपीत ती एक खाली, एक वर असतात,
गरम अंडं नेताना
एक तळवा खाली आणि एक वरून झाकण, तशी.
प्राध्यापक म्हणाले, काढून टाक, नाझिब्रोला,
वाक्य कसं मोकळं दिसतं.
काढली.
तेवढेच दोन ठोके वाचले.
अंड्याचं पुढे काय झालं, हे विचारणारी मी कोण!

परवा ग्वांत्सा आली, नद्यांवर काम करणारी,
माझ्या नातीहूनही लहान.
अक्रोड खाल्ले, चहा निवू दिला,
मग म्हणाली, आजी,
रिओनीच्या एका पुराचं एक वाक्य आहे,
‘पाणी घाटाच्या सतराव्या पायरीपर्यंत चढले.’
नऊ प्रबंधांत आहे.
नऊ जणांनी नऊ वेळा स्वतः पाहिल्यासारखं लिहिलंय.
मी काल घाटावर गेले होते. मोजल्या.
अकराच आहेत पायऱ्या.

मी चमचा खाली ठेवला.

मग तिने फोनवर एक फोटो दाखवला:
जुन्या कचेरीतली वही, कडा उंदरांनी खाल्लेल्या,
सेवेरिअन नावाच्या पाणीमोजणीवाल्याचं अक्षर,
शाईत, घाईत:
‘सातवी पायरी. पहाटे चार. माझे मोजे भिजले.’

मोजे कुणीच चोरले नव्हते.
पायरी तेवढी उचलली होती सगळ्यांनी,
आणि तीही माझी.

कारण ती रात्र मला आठवते.
दिवे गेले होते, थोरल्याला ताप होता,
मेणबत्ती यंत्राच्या काठावर,
आणि सातच्या आधी एक आकडा जास्त पडला.
पडल्याचा आवाजसुद्धा आला होता मला.
म्हटलं, तपासतीलच की. शिकलेली माणसं आहेत.

पन्नास वर्षं ते पाणी वर वर चढत राहिलं,
ह्याच्या प्रबंधातून त्याच्या प्रबंधात,
माशीच्या जागी माशी,
नसलेल्या सहा पायऱ्या ओलांडून,
आणि कुणीही जिना उतरून खाली गेलं नाही.

ग्वांत्साला म्हटलं, तो एक माझा.
ती काही बोलली नाही. लिहून घेतलं.
तारीख विचारली, यंत्र कुठल्या बनावटीचं ते विचारलं,
आणि विचारलं, तुमचं नाव घालू का?
चुकीला नाव? मी म्हटलं.
म्हणाली, चूकही कुठूनतरीच येते ना.

आज छापलेलं पान घेऊन आली.
तळाशी, रेघेखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत
आधी सेवेरिअन, त्याची वही, पान, पहाटे चार,
मोजेसुद्धा, दोन तळव्यांच्या मध्ये जपून.
आणि त्याखाली मी:
‘सतरावी ही टंकनातील चूक. टंकलेखिकेने स्वतः सांगितले.’
आयुष्यात हजारो पानं बडवली मी, मुखपृष्ठं बडवली,
मार्गदर्शकांचे आभार, बायकांचे आभार, एकदा तर कुत्र्याचेही.
माझं नाव कागदावर हे पहिल्यांदा.

चष्मा पुसला. खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं.
चुबिनिद्झेमधलं एक अक्षर गळलं होतं.
ग्वांत्सा, म्हटलं, पेन दे इकडे.